बोअरचं पाणी पिवळं पडतंय? आधी बादली, मग फिल्टर

चेन्नईत बोअरच्या पाण्यावर राहणारी मराठी घरं मला हमखास विचारतात: पाणी काढताना स्वच्छ असतं, मग थोड्या वेळात पिवळं का पडतं?

खोल जमिनीत प्राणवायू नसला की लोह पाण्यात विरघळलेलं राहतं. वर हवा लागली की त्याचा गंज होऊन तळाशी बसतो. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं, की कपड्यांवर, फरशीवर डाग दिसू लागतात.

फिल्टर घेण्याआधी एक बादली रात्रभर ठेवून बघा. सकाळी तळाशी तांबूस गाळ आणि वर नितळ पाणी दिसलं, तर उपाय सोपा आहे: पाणी टाकीत फवाऱ्यासारखं पाडा, निवळू द्या, मग वाळूच्या फिल्टरमधून घ्या. थेट आरओ लावलात तर त्याचा मेम्ब्रेन लवकर चोंदतो, पैसे वाया. टाकीत बुळबुळीत तांबडा थर असेल, तर ते लोहजीवाणू असू शकतात. मग बोअर आणि टाकी क्लोरीनने स्वच्छ करून घ्या. डागांवर ब्लीच नको, ते पक्के होतात, लिंबू चालतं.

आणि पिण्याआधी पाणी प्रयोगशाळेत तपासाच. लोह डोळ्यांना दिसतं, बाकीचं बरंच काही दिसत नाही.