नळ आणि रांजण : संकटकाळासाठी घराचे ॲप

घरात नळ आला म्हणून रांजण लगेच अडगळीत गेला नाही. नळाला पाणी केव्हा येईल आणि केव्हा जाईल हे आपल्या हाती नाही, एवढे शहाणपण घरातल्या बायकांना कोणत्याही पाठशाळेत न जाता आलेले होते. संकटकाळी कुटुंबाच्या उपयोगी पडेल असे मोबाइल ॲप रचावयाचे तर त्याचे मुख्य तत्त्व या रांजणातच आहे, असे आम्ही म्हटले तर कोणाला नवल वाटेल. ते कसे, हेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम संकटाचे स्वरूप पाहू. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. मुंबईच्या कित्येक भागांत वीज गेली आणि तिच्यामागोमाग फोनही मुके झाले. २० सप्टेंबर २०१७ रोजी प्वेर्तो रिको बेटावर ‘मारिया’ हे चक्रीवादळ आदळले. दुसऱ्या दिवशी तेथील दर १०० मोबाइल मनोऱ्यांपैकी सुमारे ९५ बंद होते. हा काही योगायोग नव्हे. मनोऱ्याला वीज लागते. ती गेली की त्याची बॅटरी काही तास तग धरते, पुढे डिझेल लागते, आणि डिझेलची गाडी यावयाची तर रस्ता मोकळा हवा. मनोरा उभा राहिला तरी सारे गाव एकाच वेळी आप्तांना फोन लावू लागते आणि वाट तुंबते. म्हणजे ज्या घटनेमुळे माहितीची गरज पडते, तीच घटना माहितीची वाट बंद करते.

आता नेहमीचे ॲप कसे चालते? माहिती दूरच्या मोठ्या संगणकात, म्हणजे सर्व्हरवर असते. आपल्या हातातला फोन ही केवळ खिडकी. हा झाला नळ. इंटरनेट तुटले की पडद्यावर एक चक्र फिरत राहते, आणि आईचे औषध कोणते हे त्या चक्राला ठाऊक नसते.

‘ऑफलाइन-फर्स्ट’ पद्धतीत हा क्रम उलटा करतात. खरी प्रत फोनमध्येच ठेवावयाची. त्यासाठी ‘एसक्यूलाइट’ नावाचा छोटा माहितीकोश वापरता येतो. तो २००० साली तयार झाला आणि आज बहुतेक प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतो. आपण काही लिहिले की ते प्रथम या कोशात जाते, आणि शेजारी एका रांगेत ‘हे बाकीच्यांना कळवावयाचे आहे’ अशी नोंद होते. इंटरनेट परत आले की रांग पुढे सरकते. नळ आला की रांजण भरून घ्यावा, तसे. नळाशी वैर नाही; भिस्त मात्र रांजणावर.

या रांजणात भरावयाचे काय? घरातील प्रत्येकाचा रक्तगट, औषधे व त्यांचे प्रमाण, नातलगांचे फोन नंबर (आज ते पाठ कोणाला असतात?), परगावचा एक असा माणूस की ज्याला सर्वांनी आपली खुशाली कळवावी, विजेचा मुख्य खटका कोठे आहे, चुकामूक झाल्यास भेटण्याच्या दोन जागा, प्रथमोपचाराची माहिती आणि आपल्या भागाचा नकाशा. हा सारा मजकूर मिळून एका छायाचित्राएवढीही जागा खात नाही. जागा नकाशाला लागते. पण ‘ओपन-स्ट्रीट-मॅप’चा नकाशा आपल्या तालुक्यापुरता आधीच उतरवून ठेवता येतो. जीपीएसलाही इंटरनेटची गरज नाही. उपग्रह संदेश पाठवितात आणि फोन ते केवळ ऐकतो. पहिला ठाव लागण्यास थोडा वेळ जातो, एवढेच.

खरी अडचण पुढेच आहे. समजा, सांगलीस सुनेने आजोबांच्या गोळीचे प्रमाण बदलून लिहिले, आणि पुण्यात मुलाने आपल्या फोनवर तीच नोंद जुन्या चिठ्ठीवरून भरली. दोन्ही फोन त्या वेळी एकमेकांपासून तुटलेले. जोडणी झाल्यावर खरे कोणाचे? ‘जो शेवटी लिहील तो खरा’ हा नियम सोपा दिसतो. पण शेवट ठरवावयाचा घड्याळावरून, आणि दोन यंत्रांची घड्याळे जुळतीलच याचा भरवसा नाही. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच ही गोष्ट आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडली होती. जुने प्रमाण नव्याला गुपचूप पुसून टाकील, तर ती चूक साधी नव्हे. म्हणून निरनिराळ्या रकान्यांतले बदल ॲपने आपसूक जुळवावे; पण एकाच रकान्यात दोन मते आली तर दोन्ही राखून, कोणी केव्हा लिहिले ते दाखवून, घरच्या माणसांना विचारावे. औषधाचा निवाडा यंत्राने करू नये.

अशा ॲपची परीक्षा कोणासही घेता येईल. फोन एअरप्लेन मोडवर टाकावा, वायफाय बंद करावे, फोन बंद करून पुन्हा चालू करावा आणि ॲप उघडावे. ‘पुन्हा लॉगिन करा’ असे म्हणून ते दूरच्या सर्व्हरची वाट पाहू लागले, तर रांजण फुटका आहे असे समजावे. माहिती खाजगी असल्याने कुलूप हवेच. परंतु त्याची किल्ली फोनमध्येच असावी.

मर्यादाही सांगावयास हवी. पूर येत आहे ही नवी सूचना असे ॲप स्वतः मिळवू शकत नाही. त्यासाठी सेलवर चालणारा रेडिओ घरात असावा. भारतात २०२३ मध्ये मनोऱ्यावरून सर्व फोनांना एकदम इशारा देण्याच्या चाचण्या झाल्या. ती सोय मोलाची आहे, पण तिलाही मनोरा लागतोच. शिवाय फोनची बॅटरी संपते. म्हणून चांगल्या ॲपने सारी माहिती एका कागदावर छापून द्यावी आणि तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा.

आणि शिळे पाणी रांजणात राहू देत नाहीत, तसेच येथेही आहे. नंबर बदलतात, औषधे बदलतात. मृगापूर्वी घर शाकारण्याची आपली रीत होती. त्याच सुमारास एक संध्याकाळ सर्वांनी एकत्र बसून ही यादी वाचावी, चुकीचे ते दुरुस्त करावे आणि विजेचा खटका कोठे आहे हे लहान मुलांनाही प्रत्यक्ष नेऊन दाखवावे.