पाळणाघराची परीक्षा

भिंतीवर चित्रें आणि दारावर सुबक पाटी दिसली कीं पाळणाघर उत्तम, असा सुशिक्षितांचाही समज असतो. आमचे मतें ही परीक्षा भिंतींची झाली. संगोपनाची व्हावयाची राहिली. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें ३० हून अधिक स्त्रिया कामास असतील तेथें ६ वर्षांखालील मुलांसाठीं स्वच्छ, हवेशीर खोली सांगितली. शिवाय ती शिशुसंगोपनाचें शिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या हातीं असावी, असेंही बजाविलें. २०१७ सालीं मातृत्वलाभ कायद्यांत दुरुस्ती होऊन ५० वा अधिक नोकरांच्या संस्थांस पाळणाघर बंधनकारक झालें आणि आईस दिवसांतून चार वेळां तेथें जाण्याचा हक्क मिळाला. हा हक्क आम्ही तपासणीचा हक्क समजतों. तान्हें मूल साक्ष देऊं शकत नाहीं. एका बाईकडे किती मुलें आहेत, रडणारें मूल किती वेळानें उचललें जातें, ओलें दुपटें केव्हां बदलतें, कालचीच बाई आज आहे काय, हें अवचित गेल्याखेरीज कळावयाचें नाहीं. दुकानाची वही रोज स्वतः तपासणाऱ्या गृहस्थानें पोटच्या पोराचा हिशेब मात्र पाटी वाचून मिटवावा, हें आश्चर्य होय! जें पाळणाघर आईबापांस अवेळीं दार उघडीत नाहीं, तेथें मूल ठेवूं नये.