पश्मिना तिकडची, लोकर आपल्या दारातली

लग्नसराई जवळ आली की बोईसरच्या दुकानांत ‘पश्मिना’ शाली टांगल्या जातात. किंमत बघितली की आपल्यालाही कळतं, ही काही खरी नव्हे. अंगठीतून शाल ओढून दाखवणाऱ्याला भुलू नका मैत्रिणींनो, पातळ व्हिस्कोजची शालही अंगठीतून जाते. झालरीचा एक धागा जाळून बघा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर किंवा रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. कागद जळल्यासारखं वाटलं तर व्हिस्कोज. लोकर साधी की पश्मिना, हे मात्र जाळून कळत नाही.

खरी पश्मिना लडाखच्या चांगथांग पठारावरची. समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून उंचावर चांगपा कुटुंबं शेळ्या घेऊन कुरणं बदलत फिरतात. कडाक्याच्या थंडीत शेळीच्या जाड केसांखाली मऊ लव येते. उन्हाळ्यात ती सुटायला लागली की फणीने विंचरून काढायची, अगदी आपण पोरींचे केस विंचरतो तशी! एका शेळीमागे कच्चा माल जेमतेम पाव किलोच्या आसपास, जाड केस काढल्यावर त्याहून कमी. पण चांगपांची सहकारी संस्था आहे. ती माल एकत्र गोळा करते, लेहमध्ये केस वेगळे करायची यंत्रं आहेत. २०२३ मध्ये लडाखच्या पश्मिनाला भौगोलिक मानांकनही मिळालं. मंगोलियात मात्र १९९० नंतर शेळ्या इतक्या वाढल्या की कुरणंच उजाड होऊ लागली.

आता आपल्याकडे या. भातकापणी झाली की घाटावरचे धनगर कोकणात उतरतात, आपल्या वाडा-विक्रमगडच्या बाजूलाही. शेतकरी मेंढरं शेतात बसवतो, खताच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे देतो. घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, तळ पडला की चूल मांडायची, कोकरं सांभाळायची, सगळं बाईकडे. लोकरीचं काय करता, असं एकीला विचारलं तर ती हसलीच. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीतून सुटत नाही म्हणे, मग ती तिथेच टाकून द्यायची.

दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, शालीच्या कामाची नाही. पण तिचीच घोंगडी होते, थंडी-पाऊस दोन्हीला टिकणारी. सिंथेटिक ब्लँकेटं स्वस्त झाली नि घोंगडीचा गिऱ्हाईक गेला. मटणाला भाव आला, म्हणून कमी लोकरीच्या जातींशी संकर वाढला. आमच्या तारापूर एमआयडीसीत कापडाचे इतके कारखाने, पण ही लोकर विचारणारं कोणी नाही. मेंढी-शेळी विकासाचं राज्याचं महामंडळ १९७८ पासून आहे. मला वाटतं, लोकर गोळा करणारी संस्था धनगर बायांच्याच हाती द्यायला हवी. हिशेब त्यांना चोख येतो, मेंढरांचा रोजच करतात.

घोंगडी हवी असेल तर कोल्हापूरकडे जाणाऱ्या कुणाला सांगून हातमागाची, सनगरांनी विणलेली मागवा. सुताला चिंचोक्याची खळ असते, त्यामुळे नवी असताना कडक लागते आणि टोचतेही. वापरता वापरता मऊ पडते.