रोज्यात पोटाच्या आत काय चालते?

रमजान जवळ आला की शाळेत मुले एक प्रश्न हमखास विचारतात. 'सर, दिवसभर काही खाल्लंच नाही तर पोट बंद पडतं का?' प्रश्न मुलांचा असला तरी उत्तर मोठ्यांनीही समजून घ्यावे असे आम्हाला वाटते. कारण इफ्तारनंतरचा जडपणा, सहेरीनंतरची छातीतली जळजळ आणि घरातल्या शुगरच्या पेशंटचे दुपारी गळून जाणे, या सगळ्याचे मूळ याच उत्तरात आहे.

सहेरीचा घास तोंडात गेला की पचन तिथेच सुरू होते. लाळेतला रस पोळी-भातातल्या पिष्टाची साखर करायला लागतो, म्हणून पोळी बराच वेळ चावली की गोड लागते. घाईघाईत, अजानकडे कान लावून गिळलेल्या घासाला ही सवलत मिळत नाही. तिथून घास सुमारे 25 सेंटीमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून काही सेकंदांत जठरात उतरतो. जठर म्हणजे आपण घरात ज्याला मेदा म्हणतो तो. इथे हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते बहुतेक जंतूंना मारते आणि पेप्सिन नावाच्या रसाला मटण, अंडी, डाळ यांतली प्रथिने तोडायला मदत करते.

जठर सगळे अन्न एकदम पुढे ढकलत नाही. ते घुसळते, पातळ करते आणि थोडे थोडे लहान आतड्यात सोडते. कोणत्या अन्नाला किती वेळ लागतो, हे डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी जिवंत माणसाच्या जठरात पाहून टिपले. 1822 साली अमेरिकेत अॅलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला पोटात बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठराला पडलेले भोक कायमचे उघडे राहिले. ब्यूमाँट त्यातून दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडत आणि ठरावीक वेळाने ओढून पाहत. ही निरीक्षणे त्यांनी 1833 साली पुस्तकात छापली. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. तो तरुण रागावला की त्याचे पचन बिघडत असे. रोज्यात गुस्सा आवरा असे बुजुर्ग सांगतात, तेव्हा मुलांना हा किस्सा सांगायला हरकत नाही.

पुढचे लहान आतडे साधारण 6 मीटर लांब असते. त्याच्या सुरुवातीलाच यकृताचे, म्हणजे जिगरचे, पित्त आणि स्वादुपिंडाचे रस येऊन मिळतात. (स्वादुपिंडाला उर्दूत लबलबा म्हणतात. हा शब्द ऐकला की वर्ग हसतो, आणि मग कोणी विसरत नाही.) पित्त तेल-तुपाचे बारीक थेंब करते, बाकीचे रस अन्नाचे शेवटचे तुकडे करतात. आतड्याच्या आतली बाजू गालिच्याच्या लवेसारख्या बारीक उंचवट्यांनी भरलेली असते. तिथून अन्नाचा अर्क रक्तात जातो. उरलेला चोथा मोठ्या आतड्यात जातो, तिथे त्यातले पाणी शोषले जाते. रात्री पाणी कमी प्यायले की रमजानमध्ये बद्धकोष्ठ होते ते याचमुळे.

सहेरीनंतर काही तासांनी जठर रिकामे होते. मग साधारण दीड-दोन तासांनी एकदा जठरापासून आतड्यापर्यंत आकुंचनाची जोरदार लाट जाते आणि उरलेसुरले कण, जंतू पुढे झाडून नेते. पोटात कावळे ओरडतात म्हणतो ना, त्यातला बराचसा आवाज या झाडूचाच. खाणे सुरू झाले की ही साफसफाई थांबते. म्हणजे रिकामे पोट बंद पडलेले नसते. दरम्यान रक्तातली साखर टिकवायला जिगर आपला साठा बाहेर काढते, आणि साठा कमी होत गेला की शरीर चरबी जास्त वापरू लागते.

आता इफ्तारकडे पाहू. खजुरातली साखर बरीचशी साधी असते, ती तोडायला फार कष्ट पडत नाहीत, लवकर रक्तात जाते. खजूर आणि पाणी घेऊन मगरीबची नमाज पढायची आणि मग जेवायला बसायचे, या पद्धतीत पोट भरल्याचा निरोप मेंदूला मिळायला वेळ मिळतो. पण आपल्या दस्तरख्वानवर अजान होताच भजी, समोसे, कबाब आणि वर शरबत हे सगळे पाच मिनिटांत आत जाते. तेलकट अन्न लहान आतड्यात पोचले की आतडे जठराला 'सावकाश' असा निरोप धाडते. जठर रिकामे व्हायला उशीर होतो, आणि तरावीहमध्ये रुकूत वाकणे जड जाते. भजी सोडाच असे आम्ही म्हणणार नाही, म्हटले तरी घरात कोण ऐकणार! दोन खा, पण नमाजनंतर खा.

सहेरीचे दुखणे वेगळे. जठराच्या तोंडाशी एक झडपेसारखा स्नायू असतो. पोट भरून, वर चहा घेऊन, फजर पढून लगेच आडवे झालो की आम्ल त्या झडपेतून वर येते. सहेरी हलकी ठेवावी. झोपायचेच असेल तर पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करून, डाव्या कुशीवर झोपावे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मधुमेहाची. घरातले वडीलधारे इन्सुलिन किंवा गोळी नेहमीसारखीच सहेरीला घेतात, किंवा कोणाला न सांगता बंदच करतात. दोन्ही धोक्याचे आहे. औषध साखर उतरवत राहते आणि पोटातून नवी साखर येत नाही, म्हणून असरच्या सुमारास घाम, थरथर, चक्कर सुरू होते. औषध बंद केले तर साखर भलतीच चढते. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटले तर रोजा ठेवणे कितपत सुरक्षित आहे ते कळते, आणि डॉक्टर गोळ्यांची वेळ व मात्रा बदलून देतात. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही असे बहुतेक उलमा सांगतात, तेव्हा दुपारी तपासायला संकोच नको. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली, तर मगरीबला अर्धा तासच उरला असला तरी रोजा सोडावा. आजाऱ्याला ही मुभा सूरह बकराच्या 184 आणि 185 व्या आयतीत आहे. सुटलेला रोजा नंतर बरे वाटल्यावर ठेवता येतो, आणि ज्यांना पुढेही जमणार नाही त्यांच्यासाठी फिदिया आहे. त्याची रक्कम आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारावी.