पावसचा सोऽहम् आणि जगाचा कारभार

१९९३ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन शहरी सुमारे चार हजार साधक एकत्र जमून ध्यानास बसले, आणि त्यामुळे तेथील हिंसक गुन्हे घटले असा दावा महर्षी महेश योगींच्या अनुयायांनी मांडला. परंतु गुन्ह्यांच्या चढउतारास हवामानापासून पोलीस बंदोबस्तापर्यंत इतकी कारणे असतात की, बहुतेक शास्त्रज्ञांनी तो मान्य केला नाही. ध्यानाने जग पालटते की नाही, याचा दाखला शोधावयाचा तर मी गुन्ह्यांच्या तक्त्यांपेक्षा पावसच्या एका खोलीकडे वळेन.

रत्नागिरीहून भाट्याची खाडी ओलांडून, जांभ्याचे सडे आणि आंब्याची कलमे मागे टाकीत दक्षिणेस गेले की सुमारे वीस किलोमीटरवर पावस लागते. येथे १५ डिसेंबर १९०३ रोजी जन्मलेल्या रामचंद्र विष्णु गोडबोले यांना १९२३ साली पुण्याच्या बाबामहाराज वैद्यांकडून नाथ परंपरेतील सोऽहम् साधनेची दीक्षा मिळाली. तथापि दीक्षेनंतर डोळे मिटून बसण्याऐवजी त्यांनी गावात स्वावलंबनाश्रम काढला, सत्याग्रहात उडी घेतली, आणि १९३२ साली येरवड्याचा तुरुंग पाहिला. त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर प्रवचने देत होते आणि रत्नागिरी जिल्ह्यातीलच पालगडचे साने गुरुजी ती टिपून घेत होते. इंग्रज सरकारच्या तुरुंगखात्याने मराठी अध्यात्माची अजाणता जी चाकरी केली, तिची नोंद कोणत्याही सरकारी दफ्तरात सापडावयाची नाही.

१९३४ मध्ये भयंकर दुखण्यातून गोडबोले वाचले, आणि पुढे देसाई कुटुंबाच्या ‘अनंत निवासा’त, जवळजवळ एकाच खोलीत, १५ ऑगस्ट १९७४ पर्यंत राहिले. तोवर लोक त्यांना स्वामी स्वरूपानंद म्हणून ओळखू लागले होते.

सत्याग्रही खोलीत जाऊन बसला, हे पलायन नव्हे काय? हा आक्षेप मी हलका मानीत नाही, कारण याच रत्नागिरीत १९२४ पासून १९३७ पर्यंत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी अस्पृश्यतेविरुद्ध जे काम केले, त्याचे १९३१ चे पतितपावन मंदिर आजही डोळ्यांना दिसते. पावसच्या खोलीचे फळ निराळ्या जातीचे आहे. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या स्वामींनी सोप्या मराठीत अभंगबद्ध केल्या; सातशे वर्षांपूर्वीच्या भाषेपाशी अडखळणाऱ्या वाचकासाठी तो ग्रंथ पुन्हा उघडला गेला, ही सार्वजनिक कामगिरीच म्हणावी लागेल.

सोऽहम् साधना मात्र सोपी आहे, निदान सांगावयास. श्वास आत येताना ‘सो’ आणि बाहेर जाताना ‘हं’ यांकडे लक्ष ठेवावयाचे. आपणहून चाललेला हा अजपाजप अहोरात्रात २१,६०० वेळा घडतो अशी परंपरेची गणना आहे, म्हणजे मिनिटास पंधरा श्वास. लक्ष पळते, ते परत आणावयाचे, पुन्हा पळते. या कंटाळवाण्या येरझारीतच, क्रोध उसळणे आणि जीभ सुटणे यांच्या दरम्यान थोडा अवकाश निर्माण होतो. आणि ध्यानाचा जगाशी जो काही संबंध आहे तो, माझ्या मते, एवढ्याच फटीतून आहे. तेथे शिरलेला विवेक घरातल्या माणसास, हाताखालच्या शिपायास, बांधाच्या वादातील शेजाऱ्यास लाभतो. इगतपुरीच्या विपश्यना परंपरेने १९९४ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात सुमारे एक हजार बंदिवानांचे दहा दिवसांचे शिबिर भरविले, तेव्हा तिने याच फटीवर भिस्त ठेवली होती; श्वासाकडे पाहण्याची तिची रीत निराळी असली तरी.

स्वामींनी भगवी वस्त्रे मागितली नाहीत की संसार सोडावयास सांगितले नाही. साधकाने आपले नित्याचे काम करीतच ही साधना चालवावी, असा त्यांचा उपदेश होता. त्यामुळे तिची परीक्षा पावसच्या समाधिमंदिरात होत नाही. ती रत्नागिरीच्या बाजारात, शाळेत आणि कचेरीत, सोमवारी सकाळी होते.