ओसरीवरचे मणी, तार आणि मजुरीचा हिशेब

आपल्या पत्रिकेत उसाच्या जाती, खताचे हप्ते, तोडणीचा प्रोग्राम आणि साखर उतारा यांखेरीज दुसरं काही छापून येत नाही, अशी तक्रार आमच्या भगिनी सभासद अधूनमधून करतात. तक्रार खोटी नाही. म्हणून या खेपेला एक पान मणी आणि तारेच्या कामाला दिलं आहे. बंधू सभासदांनी बायकांचा विषय म्हणून पान उलटून पुढं जाऊ नये. मधला हिशेब त्यांच्याही ओळखीचा निघेल.

हंगाम संपला, गव्हाण थंडावली, की आपल्या कार्यक्षेत्रातल्या बऱ्याच गावांत दुपारच्या वेळी ओसरीवर एक नवं काम दिसू लागलं आहे. ताटात पांढरं फडकं, त्यावर काळे मणी, शेजारी तारेचं भेंडोळं आणि दोन पकडी. सासू मणी निवडते, सून तारेला आकडे मारते, शाळेतून आलेली पोर डझन मोजून पिशवीत भरते. काळ्या मण्यांची मंगळसूत्रं, कानातली, नथी, मुलींच्या हातातल्या माळा असा हा माल. कुणी आपल्या जबाबदारीवर करतं, पण बहुतेकींना शहरातला व्यापारी सामान आणून देतो आणि डझनावर मजुरी देऊन तयार माल घेऊन जातो.

हे काम नवं दिसलं तरी आपल्या मुलखाला नवं नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झालं, तेव्हा सातवाहन काळातल्या वस्तूंबरोबर मणीही सापडले. पुढं गावोगावी पटवेकरी असत. रेशमाच्या दोऱ्यात दागिने गाठवून देणं, गोंडे लावणं हा त्यांचा धंदा. ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ, कोल्हापुरी साज, कुठलाही दागिना घ्या. सोनाराचं काम मणी घडवण्यापर्यंत, आणि ते अंगावर घालण्याजोगे करायचे ते पटवेकऱ्यानं. जुन्या बाया पोत ‘गाठवली’ म्हणतात, ‘ओवली’ म्हणत नाहीत, ते याच कामावरून.

आता कामाकडे वळू.

तारेच्या नंबराची भीती वाटायचं कारण नाही. विहिरीवरची मोटार जळाली की आपण रिवाइंडिंगवाल्याकडं जातो, तिथं जो तारेचा नंबर बोलला जातो तोच हा. नंबर वाढला की तार बारीक होते. २० नंबरची तार साधारण ०.९ मिलिमीटर जाड, २४ नंबरची साधारण अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक, २८ नंबर त्याहून खूपच बारीक. कानातल्याचा किंवा नथीचा मुख्य फेर २० नंबरच्या तारेचा, मण्याचे आकडे २४ चे आणि बांधणी २८ ची, एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं. मात्र मोटारीतून निघालेली जळकी तार दागिन्याला वापरू नये. तिच्यावर लाखेचा थर जळून बसलेला असतो आणि ती वाकवली की तुटते. शिवाय नुसतं तांबं घामानं अंगावर हिरवं डाग सोडतं.

मण्यांचाही नंबर असतो आणि तोही उलटाच. ११ नंबरचा मणी साधारण दोन मिलिमीटरचा, ८ नंबरचा त्याहून मोठा. ११ नंबरचे मणी ओवले तर इंचाला सुमारे १८ बसतात. म्हणजे २४ इंचाच्या दोन सरांना २४ गुणिले १८ गुणिले २, असे ८६४ मणी लागतील. आपण सरीचं अंतर धरून एकराला रोपं काढतो तसलाच हा हिशेब. आधी मांडला तर सामान अर्ध्यात संपत नाही आणि घरात उरूनही पडत नाही.

मणी घेताना दोन गोष्टी बघाव्यात. एक, तो काचेचा आहे का प्लॅस्टिकचा. काचेचा मणी हाताला गार लागतो आणि वजनाला जड असतो. दुसरं, रंग. पांढऱ्या ओल्या फडक्यावर मूठभर मणी चोळून बघावेत. फडकं काळं झालं तर ते मणी कितीही स्वस्त मिळाले तरी परत करावेत, कारण उन्हाळ्यात तोच काळा रंग गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या गळ्यावर उतरतो आणि ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. काचमण्यांची आपल्या देशातली जुनी ठिकाणं म्हणजे उत्तर प्रदेशातलं पुर्दिलनगर, वाराणसी आणि आंध्रातलं पापानायडूपेटा. पापानायडूपेट्याला तापल्या काचेची लांबच लांब पोकळ नळी ओढतात, तिचे बारीक तुकडे पाडतात आणि ते राखेत घोळवून पुन्हा तापवतात, म्हणजे कडा गोल होतात आणि मणी एकमेकांना चिकटत नाहीत. एवढ्या उठाठेवीनंतर तो मणी आपल्या ओसरीवर येतो.

गाठवण्याचे प्रकार तीन. दोऱ्यात, गिअर वायरमध्ये, किंवा तारेच्या आकड्यांत. दोरा स्वस्त, पण काचमण्याच्या भोकाची कड धारदार असते, ती दोरा कापते. म्हणून जुनी माणसं दोऱ्याला मेण लावीत; अजूनही लावावं. गिअर वायर म्हणजे पोलादाच्या बारीक तारांचा पीळ आणि वरून प्लॅस्टिकचं कवच. ती टिकते, पण शेवटी जो गिअर लॉक दाबायचा तो नीट दाबला गेला पाहिजे. सैल राहिला तर लग्नाच्या मांडवातच सर सुटतो.

खरं कसब तारेच्या आकड्यांत आहे. तारेचं टोक बोटाच्या पेराएवढं राखून काटकोनात वाकवायचं, गोल तोंडाच्या पकडीवरून फिरवून डोळा पाडायचा, उरलेलं टोक डोळ्याच्या मानेभोवती दोन-तीन वेढे गुंडाळून कापायचं, मग मणी घालून दुसऱ्या बाजूला तेच. सगळे डोळे एका मापाचे यावेत म्हणून पकडीच्या तोंडावर मार्करनं खूण करून ठेवावी. तार एकाच जागी चार वेळा वाकवली की कडक होऊन मोडते, तेव्हा डोळा पहिल्या झटक्यात जमला नाही तर तो तुकडा बाजूला टाकलेला बरा. जोडकडी उघडताना दोन्ही टोकं बाजूला फाकवू नयेत, एक टोक पुढं आणि एक मागं असं पिळावं. मिटताना ती पुन्हा जागेवर बसते. आणि माल पिशवीत टाकण्यापूर्वी त्यावरून कापसाचा बोळा फिरवावा. जिथं कापूस अडकला तिथं तारेचं टोक वर आलेलं आहे. जे कापसाला अडकतं ते पदराला अडकणार आणि मानेला टोचणार. हे एवढंसं काम करणारीचा माल आणि न करणारीचा माल दुकानदार नुसत्या हातानं ओळखतो.

नथ ही या साऱ्याची परीक्षा. थोड्याशा जागेत मोती चढत्या-उतरत्या मापानं बसवायचे, मध्ये लाल खडा धरायचा, २८ नंबरच्या तारेनं सगळं आवळायचं आणि तार कुठंही दिसू द्यायची नाही. हल्ली नाक न टोचलेल्या मुलींसाठी दाबाची नथ खपते. तिचा दाब सैल तर नथ पडते, घट्ट तर नाक लाल होतं. हाताला तो अंदाज यायला दहा-वीस नथी वाया जातातच. कानातल्याच्या बाबतीत एक इशारा द्यावासा वाटतो. स्वस्त हुकांच्या धातूत पुष्कळदा निकेल असतं आणि त्यानं कित्येकींच्या कानाला खाज सुटते, पाणी येतं. कानात जाणारी तार तरी चांदीची घालावी, किंमत थोडी वाढली तरी चालेल.

इथवर झालं कसबाचं. आता ज्या कारणासाठी हे पान घेतलं ते सांगतो.

समजा, व्यापारी सगळं सामान देतो आणि डझनाला ६० रुपये मजुरी देतो. एका मंगळसूत्राला २५ मिनिटं लागली तर डझनाला पाच तास झाले. म्हणजे तासाला १२ रुपये. आपल्या गावात खुरपणीची मजुरी काय चालली आहे ती ज्याची त्यानं आठवावी. वर त्यात वीज घरची, डोळे घरचे, मान आखडते ती घरची, आणि मणी सांडले की ते भरून द्यायचे तेही घरचेच. तरी विचारलं तर उत्तर येतं, “रिकाम्या वेळेत करते, बसून तरी काय करायचं?” आम्हाला या उत्तराचं नवल वाटतं. चार वाजता वैरण, पाच वाजता पाणी, सहा वाजता चूल, यात रिकामा वेळ कुठला हो?

हुपरी इथून काही लांब नाही. तिथं चांदीचं काम घराघरात चालतं. चांदी वजनावर दिली जाते, दागिना वजनावर घेतला जातो, घट किती धरायची आणि मजुरी किती हे आधी बोललेलं असतं. तिथलंही सगळं गोड आहे असं नाही. पण काटा आहे आणि मजुरीला नाव आहे. मण्यांच्या कामात दोन्ही नाही.

बंधूंनो, आपण उसाचा भाव मागताना काय म्हणतो? घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरा म्हणतो. कृषी मूल्य आयोग उत्पादन खर्च काढतो तेव्हा कुटुंबाच्या श्रमाचं मोल त्यात एका हिशेबानं धरतोच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत बिल मिळालं नाही तर १५ टक्के व्याज लागतं, हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. आणि त्याच घरातली बाई डझनाचा हिशेब महिना-महिना ‘पुढच्या खेपेला देतो’ म्हणून थांबवून घेते, तेव्हा आपण पेपर वाचत बसतो. लोणीला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी कारखाना उभा केला, तो काही ऊस पिकवता येत नव्हता म्हणून नव्हे. पिकवणाऱ्याच्या हातात भाव राहावा म्हणून.

बायकांनाही हे जमलेलं आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तीच आजची लिज्जत. तिथं लाटणारी बाई मालकीण आहे, नोकर नाही. अहमदाबादला इला भट्ट यांनी १९७२ साली घरबसल्या काम करणाऱ्या आणि फेरीवाल्या बायकांची सेवा ही संघटना नोंदवायला नेली, तेव्हा मालक कोण तेच दिसत नाही मग युनियन कुणाविरुद्ध, असा प्रश्न सरकारी कचेरीत निघाला होता. संघटना तरीही नोंदली गेली.

आपल्या मालाचं आपणच मालक व्हायचं तर खर्च नीट मांडला पाहिजे. समजा, मणी १५ रुपये, तार आणि कडी १०, वाट्या २०, डबी ५, असे ५० रुपये सामानाचे. १२० ला विकलं तर ७० उरले असं वाटतं. पण त्यातून स्वतःची २५ मिनिटं, बाजारात बसलेला दिवस, एस.टी.चं भाडं आणि न खपलेला माल वजा करायचा राहिलेला असतो. बाजारात बसून दिवसाला तीनच नग गेले तर व्यापाऱ्याचं काम परवडलं म्हणायची पाळी येते. म्हणून पहिल्याच महिन्यात व्यापाऱ्याशी भांडण काढू नये. त्याच्या डझनाचं काम चालू ठेवावं, सामान मोजून घ्यावं, तयार माल देताना वहीत तारीख आणि सही घ्यावी, आणि दहा जणींनी मिळून मणी एकदम घाऊक आणावेत. मण्यांत खरी बचत तिथं आहे. बचत गट असेल तर त्याच्याच वहीत हा हिशेब ठेवता येईल, वेगळी संस्था काढायची घाई नको.

आमची एक विनंती आहे. ज्या घरांत हे काम चालतं त्यांनी गावाचं नाव, काय माल करता, डझनाला काय दर मिळतो, एका डझनाला किती तास लागतात आणि पैसे किती दिवसांनी हाती येतात, एवढं एका चिठ्ठीवर लिहून आपल्या गट कार्यालयातल्या स्लिपबॉयकडे द्यावं. लिहिणं जमत नसेल तर तोंडी सांगावं, तो लिहून घेईल. नावं छापणार नाही. गावोगावचे दर मात्र शेजारी शेजारी छापू, कारण एकाच व्यापाऱ्यानं ओढ्याच्या अलीकडं एक आणि पलीकडं दुसरा दर दिल्याचं आमच्या कानावर आलेलं आहे.