सालगडी, फवारणीवाला, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर : अपघात झाला तर भरपाई कुणाला?

हिमायतनगर : मजूर रोजंदारीचा होता, हजेरी कुठं नाही, मग कसली भरपाई? अपघात झाला की गावात पहिलं हेच ऐकायला येतं. पण कायदा तसं म्हणत नाही. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यात आधी 'तात्पुरत्या' मजुराला वगळलं होतं, ती अट 2000 साली काढली. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला असून संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे.

आता खरा प्रश्न काम कोणतं, हा आहे. कायद्यात कामांची यादी आहे. ट्रॅक्टर किंवा यंत्रानं केलेली शेती, मळणीयंत्र, कीटकनाशक फवारणी, बोअरचं काम, बांधकाम हे सगळं तिच्यात येतं. 2017 ला शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना कित्येक शेतकरी-मजूर विषबाधेनं दगावले, ते आठवा. दुसऱ्याच्या रानात पैसे घेऊन फवारणारा मजूर यात बसतो. स्वतःच्या रानात फवारणारा बसत नाही, कारण त्याला मालकच नाही. त्याच्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे, मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये मिळतात.

अडचण आहे ती खुरपणी, कापूस वेचणीची. यंत्र नाही, फवारणी नाही, म्हणून यादीत बसवणं अवघड जातं. सातबारा नसल्यानं मुंडे योजनाही नाही. सगळ्यात जास्त बाया याच कामावर असतात, आणि त्याच उघड्यावर राहतात. सालगड्याचंही तसंच, तो त्या वेळी काय करत होता यावर ठरतं.

रक्कम किती? मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयाचा आकडा. वय 40, मजुरी 12 हजार असेल तर 6,000 गुणिले 184.17, म्हणजे 11 लाख 5 हजार 20 रुपये. दोन-चार एकरवाला मालक हे कुठून देणार, हेही खरं. म्हणून ट्रॅक्टरवाल्यांनी विमा काढताना ड्रायव्हरसोबत मजुराचं काय, हे एजंटला विचारूनच घ्यावं. ट्रॉलीत बसलेल्या मजुरांवरून कंपन्या हमखास वाद घालतात.

काम ठेकेदारामार्फत असलं तरी, ते मूळ मालकाच्या धंद्याचाच भाग असेल तर त्याच्याकडंही मागता येतं.

दावा दोन वर्षांच्या आत करायचा. पोलीस पंचनामा, दवाखान्याचे कागद, सोबतच्या मजुरांचे जबाब आणि मजुरी फोनपेवर आली असेल तर त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. चौकशी नांदेडच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात करावी.